१९१४ नंबरची ओळ

आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनला असायचा. पहिलीत नाव घालताना वडिलांना तारीख आठवली नाही की गुरुजी १ जून टाकून मोकळे! माझंही तेच झालं. दहावीनंतर दाखला घ्यायला ऑफिसात गेलो, तेव्हा क्लार्कमामांनी जाडजूड जनरल रजिस्टर उघडलं, बोट फिरवत खाली आले आणि म्हणाले, "हा बघ तू. आता मरेपर्यंत १ जूनच." तोवर रजिस्टर म्हटलं की मला एकच ओळ माहीत होती, १९१४ नंबरची.

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये शिकलेल्याला ही ओळ सांगावी लागत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत, म्हणजे आताच्या पाचवीत, नाव दाखल झालं : भिवा रामजी आंबेडकर. समोर सही. वय नऊ. पुढे १९०४ पर्यंत ते इथे शिकले, मग मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गेले आणि १९०७ साली मॅट्रिक झाले. २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आमच्या वेळी हे नव्हतं, पण त्या पानाचं दर्शन एकदा घडलं होतं. सगळे अक्षर बघत होते. मी मागून टाचा उंचावून बघितलं आणि माझी नजर भलतीकडेच गेली, वरच्या-खालच्या ओळींवर. तीही पोरंच. त्यांचीही नावं त्याच शाईत. त्यांच्यातलं कुणी कारकून झालं असेल, कुणी वकील, कुणी चौथीतच शाळा सोडली असेल. स्मरणिकेच्या 'नामवंत' यादीत त्यांच्यासाठी जागा नाही.

त्या पोरांपैकी कुणाशेजारी भिवाला बसता येत नव्हतं. साताऱ्यातल्या शाळेबद्दल बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय : कोपऱ्यात वेगळं बसायचं, बसायला स्वतःचं गोणपाट, आणि ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा गडीही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायची सोय नाही. शिपाई असेल तर पाणी, नाहीतर नाही. गौरवाच्या भाषणांत गोणपाट येत नाही. सही येते. मला दोन्ही एकत्रच आठवतात.

शाळा भरायची ती राजवाड्यात. १८२४ साली प्रतापसिंह महाराजांनी बांधलेला हा वाडा. महाराजांना १८३९ मध्ये गादीवरून काढून इंग्रजांनी काशीला धाडलं, १८४७ मध्ये ते तिथेच वारले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झालं. ते रोजनिशी लिहायचे, रोज, नेमाने. ज्याचा वाडा गेला त्याचंच नाव शाळेला, हे आम्हाला कधी खटकलं नाही. तेव्हा आमचं सगळं लक्ष लाकडी खांबांवर. खांबावर नाव कोरलं की छडी, आणि तरी कोरलेली नावं दिसायचीच.

मधल्या सुट्टीत गांधी मैदानावर पळायचं, वर बघितलं की अजिंक्यतारा. तिथून परत येताना एक मास्तर दारातच हजेरी घ्यायचे. मला मात्र हजेरीपेक्षा ते ऑफिसातलं रजिस्टर जास्त आठवतं.

दाखला घेतला त्या दिवशी माझ्या ओळीचाही नंबर क्लार्कमामांनी मोठ्याने वाचला होता. हे लिहायला बसल्यावर तो आठवायचा खूप प्रयत्न केला. चार आकडी होता एवढंच आठवतं. १९१४ मात्र पाठ आहे.