तीन पावलं आणि एक नमस्कार

डिसेंबर २००५. हाँगकाँगला डब्ल्यूटीओची, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेची, मंत्री परिषद होती, १३ ते १८, आणि मी एका चॅनेलचा कॅमेरामन म्हणून गेलो होतो. काम काय, तर आपले तेव्हाचे वाणिज्यमंत्री कमल नाथ कन्व्हेन्शन सेंटरमधून बाहेर आले की बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर त्यांची दोन वाक्यं, घ्यायचा, नाही आले तर वाट बघायची. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर शूट करतो. दिवसभर आम्ही उभे असतो आणि चार्जिंगला प्लग शोधतो.

१५ तारखेला सकाळचं ब्रीफिंग पुढं गेलं. रिपोर्टरला म्हटलं, जरा कोरियन आंदोलकांचं शूट करून येतो. म्हणाला जा, पण टेप जपून. ४० मिनिटांच्या टेपा मोजून दिलेल्या, जणू घरच्या तिजोरीतून काढल्या होत्या.

परिषदेला विरोध करायला दीडेक हजार कोरियन आले होते, बरेचसे तांदूळ पिकवणारे शेतकरी. तिथल्या पेपरांनी आधीच इतकं घाबरवून ठेवलं होतं की काही दुकानदारांनी शटरच ओढली होती. १३ ला शंभरावर शेतकऱ्यांनी नारिंगी लाइफ जॅकेट घालून सरळ बंदरात उड्या टाकल्या, पोहत परिषदेकडं निघाले. जगभर ते व्हिज्युअल चाललं. मी तेव्हा लिफ्टमध्ये होतो, त्याचं मी अजून कुणाला सांगत नाही.

१५ ला मात्र वेगळंच. व्हिक्टोरिया पार्कवरून वान चायकडं, म्हणजे परिषद चालली होती त्या भागाकडं, निघाले ते दंडवत घालत. कोरियनमध्ये सामबोइलबे म्हणतात, तीन पावलं आणि एक नमस्कार. बौद्ध भिक्षूंकडून आलेली पद्धत, २००३ मध्ये कोरियातल्या सेमांगमची खाडी भरू नये म्हणून धर्मगुरू मंडळी असंच सोलपर्यंत ६५ दिवस चालली होती. आपल्या लोटांगणासारखं पूर्ण आडवं नाही व्हायचं, गुडघे, कोपरं आणि कपाळ टेकायचं. ढोलाचा ठोका पडला की हजारभर माणसं एकदम खाली. गुडघ्याला पॅड, हातात पांढरे सुती मोजे, आणि थोड्या वेळात त्या मोज्यांचे तळवे डांबरानं काळे.

हे शूट करायला महाकठीण. मी आधी उभं राहून पॅन करत होतो, सगळं कवायतीसारखं दिसत होतं, थू. वर ढोल एवढा जोरात की ऑटो गेनवर साउंड फुटायचा आणि ठोक्यानंतरची शांतता फुसफुसत वर यायची. गेन, म्हणजे आवाजाची पातळी, मॅन्युअल केला. उंच बिल्डिंगांमधून उन्हाची पट्टी मध्येच येते तर एक्स्पोजर अंगठ्यानं धरून ठेवला. मग हॉटेलचा टॉवेल गुंडाळून रस्त्यावर ठेवला, त्यावर माझा पीडी-१७० कॅमेरा, स्क्रीन उलटी करून पोटावर झोपलो. आता ठोका पडला की कपाळं थेट फ्रेममध्ये यायची, लेन्सपासून हातभर. तीन पावलं ते पुढं, तीन पावलं मी सरपटत मागं. वीस वर्षं या धंद्यात काढली, याच्यापेक्षा चांगला शॉट मी घेतलेला नाही, हे लिहायला लाज वाटत नाही.

रांगेत नुसते शेतकरी नव्हते. शेतकरी बायांची वेगळी संघटना, त्यांच्यामागं कारखान्यातले युनियनवाले, कॉलेजची पोरं. सोबतच्या एका कोरियन मुलीला विचारलं, तांदळासाठी कारखानेवाले का गुडघे फोडतायत? ती म्हणाली, १९९७ ला आयएमएफचं, म्हणजे नाणेनिधीचं, कर्ज आलं, १९९८ ला कामावरून काढायला सोपा कायदा आला, माझे वडील तेव्हा गावी परतले, आता गावातूनही काढतायत, मग कुठं जायचं? नोव्हेंबरातच त्यांच्या संसदेनं तांदूळ आयातीचा करार मंजूर केला होता, खपाच्या ४ टक्क्यांवरून २०१४ पर्यंत जवळपास ८ टक्के. त्याविरुद्धच्या सोलच्या मोर्चात पोलिसांनी झोडपलेल्या दोन शेतकऱ्यांपैकी एक तोवर गेला होता, दुसरा हाँगकाँगची परिषद संपायच्या आतच गेला.

एका म्हाताऱ्या काकांजवळ ली क्युंग-हे यांचा फोटो होता. कान्कुनला, सप्टेंबर २००३ मध्ये, 'डब्ल्यूटीओ शेतकऱ्यांना मारते' असा फलक घेऊन कुंपणावर चढले आणि स्वतःला भोसकून घेतलं, तेच. काकांनी माझ्या गळ्यातलं कार्ड वाचलं, इंडिया, आणि त्या मुलीला काहीतरी विचारलं. ती म्हणाली, ते विचारतायत, तुमच्याकडे पण शेतकरी असे मरतात का?

मी यवतमाळचा. महिन्याभरापूर्वीच गावाकडं शूट करून आलो होतो. कापूसवाल्या शेतकऱ्याचं घर, भिंतीला हार घातलेला फोटो, खाली बसलेली बाई, आणि आमचा रिपोर्टर तिला विचारतोय 'कैसा लग रहा है'. प्रत्येक घर वेगळं, प्रत्येक मेलेला एकटा, आमच्या बातमीत तरी तसाच.

आणि मी म्हणालो, नो, नो, नॉट लाइक दॅट.

का म्हणालो? टेप संपत आली होती, ठोका पडणार होता, गळ्यात देशाचं नाव होतं, काहीही असेल. काकांनी मान हलवली, बरं झालं अशा अर्थानं. ठोका पडला, ते खाली वाकले.

चॅनेलच्या न्यूज डेस्कनं त्यातले अकरा सेकंद वापरले. 'हिंसा नाहीये यार यात.' १७ ला पोलिसांनी अश्रुधूर सोडला, नऊशेच्या आसपास लोकांना धरलं, तेव्हा त्याच डेस्कचे दर दहा मिनिटाला फोन. मी आत मीडिया सेंटरमध्ये बाइटसाठी लाइन लावून.

त्या रात्री हॉटेलवर टेप मागं नेऊन पाहिली तर माझा तो 'नो, नो' क्लिअर आलाय, गेन मॅन्युअल होता ना. वर्षभरानं लायब्ररीत टेप मागायला गेलो. त्यांनी तिच्यावर कुठलंतरी क्रिकेटचं नेट प्रॅक्टिस टाकलं होतं. लायब्ररीवाल्यावर मी भरपूर ओरडलो, आणि जिना उतरताना थोडं बरंही वाटलं.