तुम्ही विचारलंत म्हणून: मासा बघून त्याचं खाणं कसं कळतं?

पेणच्या बाजारात माझ्यासोबत मासळी घ्यायला आलेला माणूस हमखास विचारतो, "मासा नुसता बघून तो काय खातो, कुठे राहतो, हे तुम्हाला कसं कळतं?" मी प्राणिशास्त्र शिकवलं वर्गात, शिकलो मात्र घरी, विळीपाशी.

परवा धरमतर खाडीचा जिताडा आणि बोयी एकाच टोपलीत होत्या. जिताड्याचं तोंड उघडून बघा. जबडा डोळ्याच्याही मागपर्यंत फाकतो, खालचा ओठ पुढे आलेला. शेपूट पंख्यासारखी गोल. ही लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्याची शेपूट नव्हे. मुळांच्या, खांबांच्या आडोशाला दबा धरायचा, भक्ष्य टप्प्यात आलं की एकच झटका, आणि आ वासला की पाण्यासकट मासा आत. (रायगडात साहेबाकडे काम अडलं की हाच जिताडा भेट जातो, पण ते पुन्हा कधीतरी.)

बोय मात्र फसवते. अंग लांबट, गोलसर, शेपटीला खाच. वाटतं, ही पक्की शिकारी. तोंड बघाल तर चिमुकलं. पोट फाडलं की आतून काळं अस्तर आणि वेटोळं केलेलं आतडं. एकदा पाटावर उलगडत गेलो, तर बोयीच्या लांबीच्या कितीतरी पट निघालं. बायको म्हणाली, जेवायला वेळ आहे का आज? जठराच्या जागी कडक गोटी, कलेजी-पेठ्यातल्या पेठ्यासारखी. चिखलासोबत गिळलेलं सूक्ष्म शेवाळ तिथे रेतीवर भरडलं जातं. मग ते सडपातळ अंग कशाला? पळायला. चिखल काही पळत नाही, पण मागे जिताडा असतो.

लेप हा चपटा मासा. त्याचे दोन्ही डोळे एकाच अंगाला, कारण तो तळाशी कुशीवर पडून राहतो. पिल्लू असताना दोन्हीकडे एकेक असतो, पुढे एक सरकत पलीकडे जातो. मोठा निवटा हा खाडीतला मासा ओहोटीला चिखलावर येतो. डोळे डोक्याच्या माथ्यावर, छातीचे पर हातांसारखे टेकवत सरकतो आणि मान डावी-उजवीकडे हलवत वरची शेवाळी साय खरवडतो. अंग ओलं आहे तोवर कातडीतूनही श्वास चालतो.

त्या दिवशी जिताडाच घेतला. घरी चिरला, तर पोटात वीतभर बोय, डोक्याकडून गिळलेली. खवले अजून शाबूत होते.