लिस्बनमध्ये आठ रात्री: एका मुक्कामावरून सिंत्रा, कश्काइश आणि एव्होरा

पत्नी, एकाहत्तर वर्षांची आई आणि मी असे तिघे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लिस्बनला जाऊन आलो. आमचे घर वसईचे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलेल्या किल्ल्यातली पडकी चर्चे पाहतच मी मोठा झालो, त्यामुळे ती बांधणाऱ्यांचे शहर एकदा पाहावे, ही इच्छा जुनी होती. रोज सामान उचलण्याऐवजी एकाच घरात आठ रात्री राहायचे आणि तिथूनच जवळची गावे पाहून संध्याकाळी परतायचे, असा बेत आम्ही आखला होता. एक सकाळ वगळता तो व्यवस्थित पार पडला.

तयारीबद्दल थोडक्यात सांगतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. मुक्कामाच्या भाड्याशिवाय लिस्बनची नगरपालिका दरडोई, दर रात्री ४ युरो कर घेते, मात्र तो जास्तीत जास्त सात रात्रींचाच असतो.

घर कुठे घ्यावे, हा खरा महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण लिस्बन हे टेकड्यांचे शहर असून नकाशावर पाच मिनिटांचे वाटणारे अंतर प्रत्यक्षात दीडशे पायऱ्यांचे निघू शकते. १ नोव्हेंबर १७५५ रोजी झालेल्या भूकंपात, त्यामागून आलेल्या समुद्राच्या लाटांत आणि आगीत शहराचा नदीकाठचा भाग नष्ट झाला. राजाचा मंत्री मार्किस द पोंबाल याच्या देखरेखीखाली तो पुन्हा उभारताना सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते आखले गेले. हाच बायशा भाग. तो सपाट असल्याने वयस्कर माणसे बरोबर असतील तर मुक्काम इथेच असावा. इमारती जुन्या आहेत, तेव्हा घर कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

घरमालकीणबाईंना इंग्रजी जेमतेम येत होते. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा पुढे करून "शाव्ह, शाव्ह" असे दोनदा म्हटले, तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो आणि आईने मात्र "अगं, चावी म्हणतेय ती!" म्हणून जुडगा हातात घेतला. पुढे आठवडाभर भाजीवाल्याकडचा बटाटा, बेकरीतला पाव, दुकानातला साबण आणि अननस ओळखण्याचे काम तिनेच केले. पोर्तुगीजांचे हे शब्द आपण इतकी वर्षे वापरतो आहोत की ते परत त्यांच्याच तोंडून ऐकताना गंमत वाटते.

टेकडीवरच्या साव जॉर्जच्या किल्ल्याकडे चढून जाण्याचा त्रास वाचवणारी एक सोय पर्यटकांच्या सहसा लक्षात येत नाही. रुआ दुश फांकैरुश या रस्त्यावरच्या एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. ती फुकट आहे. तिने वर गेल्यावर थोडे चालले की शांव दु लोरैरु येथे दुसरी लिफ्ट लागते, आणि मग किल्ला फारसा दूर राहत नाही. परतताना आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून उतरत यावे. मात्र पदपथांवरचे छोटे पांढरे चुनखडीचे दगड वापराने गुळगुळीत झालेले आहेत आणि पावसाच्या एका सरीनंतर ते शेवाळलेल्या ओट्यासारखे निसरडे होतात, त्यामुळे तळव्याला पकड असलेले बूटच घालावेत.

२८ क्रमांकाची पिवळी ट्राम सगळ्यांनाच हवी असते. आम्ही पहिल्या दिवशी दुपारी रांग पाहून परत फिरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मार्तिम मोनिश या सुरुवातीच्या थांब्यावर गेलो, तेव्हा तिघांनाही बसायला जागा मिळाली. गर्दीच्या वेळी या ट्राममध्ये खिसेकापू असतात, म्हणून पासपोर्ट घरीच ठेवावा. कार्मुचा मठ आवर्जून पाहावा. भूकंपात कोसळलेले त्याचे छत पुन्हा घातलेले नाही. कमानी तेवढ्या आकाशाखाली उभ्या आहेत. आई तिथे बराच वेळ थांबली आणि "हे आपल्या किल्ल्यातलंच आहे" एवढेच म्हणाली.

शहरातल्या प्रवासासाठी नावेगांते हे अर्ध्या युरोचे कार्ड प्रत्येकाने स्वतंत्र घ्यावे. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. त्यात 'झॅपिंग' पद्धतीने पैसे भरले की मेट्रो, ट्राम, नदीवरची बोट आणि सिंत्रा व कश्काइशच्या लोकल गाड्या, सगळे त्याच कार्डावर चालते.

लिस्बनच्याच बेलें भागातला जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो, हे लक्षात ठेवून दिवस ठरवावेत. १५०१ मध्ये सुरू झालेल्या या बांधकामाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४ मध्ये कोचीनला वारला, १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले गेले आणि १८८० मध्ये ते इथे आणले गेले. मठाजवळच १८३७ पासून चालणारे अंड्याच्या कस्टर्डच्या पेस्ट्रीचे प्रसिद्ध दुकान आहे. बाहेरची रांग पाहून घाबरू नये, कारण ती बहुधा घरी नेणाऱ्यांची असते आणि आत बसायला भरपूर दालने आहेत.

सिंत्राला मात्र पूर्ण दिवस द्यावा, जमल्यास दीड. रोसियू स्थानकातून लोकलने चाळीस मिनिटे लागतात. सहल कंपन्या सिंत्रा, काबु द रोका हे समुद्रात घुसलेले टोक आणि कश्काइश एकाच दिवसात उरकतात; माझ्या मते त्यात सिंत्राचे फक्त वाहनतळ पाहून होतात. आमची फसलेली सकाळ इथलीच. डोंगरावरच्या लाल-पिवळ्या पेना राजवाड्याचे साडेदहाचे तिकीट आम्ही ऑनलाइन काढले होते आणि दहा वाजून वीस मिनिटांनी उद्यानाच्या फाटकाशी पोचून वेळेवर आल्याचे समाधान मानत होतो. तिकिटावरची वेळ फाटकाची नसून राजवाड्याच्या दाराची असते, आणि फाटकापासून दारापर्यंत चढाचा रस्ता व रांग धरून अर्धा तास लागतो, हे तिकिटावर लिहिलेले असूनही आम्ही वाचले नव्हते. दारावरच्या मुलीने घड्याळ दाखवून नम्रपणे नकार दिला. दुपारी साडेतीनची नवी तिकिटे काढावी लागली आणि मधला वेळ धुक्यात कुडकुडत गेला, कारण लिस्बनला ऊन असले तरी सिंत्राच्या डोंगरावर गारठा असू शकतो आणि आमचे स्वेटर घरी होते.

म्हणून सकाळी साडेसात-आठची लोकल धरावी, स्थानकाबाहेरून ४३४ क्रमांकाच्या बसने थेट वर जावे, साडेनऊला राजवाडा उघडताच आत शिरावे आणि मग मूरांचा किल्ला पाहून रानवाटेने गावात उतरावे. कींता दा रेगालैरा या बागेतली सत्तावीस मीटर खोल, गोल जिन्याची विहीर दुपारनंतर पाहावी. तिच्या पायऱ्या ओल्या असतात, आईला आम्ही खाली नेले नाही.

कश्काइशला काइश दु सुद्रे स्थानकातून नदी आणि समुद्राच्या कडेने जाणारी गाडी आहे. डावीकडची खिडकी धरावी. गाव आरामाचे आहे, त्याबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे नाही. तिथून बसने काबु द रोकाला गेलो. युरोप खंडाच्या मुख्य भूमीचे हे सर्वात पश्चिमेचे टोक, समुद्रापासून सुमारे १४० मीटर उंच. वारा इतका होता की आईने कठडा सोडला नाही.

जेवणाबद्दल शाकाहारी मंडळींनी सावध राहावे. काल्दु व्हेर्द या हिरव्या सुपात सॉसेजची चकती टाकतात, ती नको म्हणून आधी सांगावे लागते. उपाहारगृहांच्या काचेमागे 'शमूसा' दिसतो, तो आपला समोसाच, पण आत बहुतेक वेळा मांस असते. आईचा आनंद पाच मिनिटे टिकला. टेबलावर न मागता येणारे पाव, ऑलिव्ह आणि चीज फुकट नसतात. हात लावला नाही तर त्याचे पैसे पडत नाहीत.

एव्होराला गाडीने साधारण दीड तास लागतो. पासष्ट वर्षांवरील प्रवाशांना रेल्वेत निम्मे भाडे असते, त्यासाठी आईचा पासपोर्ट दाखवला. गाड्या दिवसात मोजक्याच असल्याने परतीची वेळ उतरल्याबरोबर पाहून ठेवावी. पहिल्या शतकातले रोमन मंदिर आणि जुन्या पाणीपुरवठ्याच्या कमानींमध्ये बांधलेली घरे मला आवडली. भिंतीभर माणसांची हाडे रचलेल्या छोट्या चर्चच्या दारावर 'इथे असलेली आम्ही हाडे तुमच्या हाडांची वाट पाहतो' अशा अर्थाची ओळ आहे. लहान मुले बरोबर असतील तर आत जावे की नाही, हे आधी ठरवावे. ज्यांच्याकडे पाचच दिवस असतील त्यांनी एव्होरा गाळावे, सिंत्राचा वेळ कापू नये, आणि उरलेल्या एका संध्याकाळी काइश दु सुद्रेहून कासिलियशची बोट धरून दहा मिनिटांत नदीपलीकडून दिवे लागलेले लिस्बन पाहावे.