छापून तयार, पण वाटायची सोय नाही

लहानपणी मला काडेपेटीचे छाप जमवायचा नाद होता, त्यामुळे जुनी सिगरेट कार्डं, म्हणजे पाकिटात मिळणारी छोटी चित्रं, दिसली की माझी रात्र गेलीच समजा. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने ढिगाने स्कॅन करून ठेवलीयेत, बघत बसा.

आधी पाकीट म्हणजे नुसता मऊ कागद, सिगरेटी चेपायच्या, म्हणून आत एक पुठ्ठा घालायचे. मग कुणीतरी हुशारी केली की कोरा कशाला, चित्र छापा, मागे माहिती आणि नंबर टाका. ५० चा सेट, एक आकडा राहिला की बाबा परत तीच सिगरेट घेणार आणि पोरं दुकानाबाहेर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे कार्ड मागणार. आणि पोरांना काय आवडतं? सैनिक! लाल कोट, घोडे, तलवारी, रेजिमेंटचे झेंडे. चिखल आणि उवा कुठेच नाहीत बरं का.

पण मला खरी मजा वाटली ती ब्रिस्टलच्या विल्स कंपनीच्या वॉटर्लू सेटची. ब्रिटिशांनी नेपोलियनच्या फ्रेंच सैन्याला हरवलं त्या १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईला १९१५ मध्ये शंभर वर्षं होणार म्हणून ५० कार्डं तयार केली, आणि तोवर पहिलं महायुद्ध पेटलेलं. आता पंचाईत बघा, ज्या फ्रेंचांना हरवल्याचा जल्लोष करायचा ते खंदकात ब्रिटिशांच्या शेजारी उभे, आणि ज्या प्रशियन, म्हणजे जर्मन, सेनापती ब्ल्युखरने ऐन वेळी येऊन ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनला हात दिला त्याची नातवंडं-पतवंडं समोरून गोळ्या झाडतायत! सेट बाजारात आणलाच नाही. नेपोलियन मरून ९४ वर्षं झालेली, तरी सिगरेटच्या पाकिटात त्याला हरवायची चोरी.

मग १९१६ ला विल्सचा मिलिटरी मोटर्स हा सेट आला, लष्करी ट्रक आणि अॅम्ब्युलन्स वगैरे, काही कार्डांच्या मागे तर प्रेस ब्युरोने, म्हणजे युद्धाच्या बातम्या तपासणाऱ्या सरकारी कचेरीने, छापायला परवानगी दिल्याची ओळसुद्धा आहे, म्हणजे पाकिटातल्या पुठ्ठ्यालाही सेन्सॉर.

आणि विल्सच्याच १९३८ च्या सेटमध्ये सैनिक जवळजवळ गायबच. विषय काय, तर हवाई हल्ला झाला तर घरातली कुठली खोली निवडायची, गॅस मास्क कसा घालायचा. मागे डिंक लावलेला, अल्बममध्ये चिकटवायला. दोनच वर्षांत कागदाची टंचाई झाली आणि कार्डंच बंद पडली.