दाभोळची खाडी, दुसऱ्या खेपेला

दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोट लागायला अजून वेळ होता. मावशीने पिशवीतून आधार कार्ड काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचं तिकीट नाही, फक्त वयाचा पुरावा लागतो. स्वारगेटपासून ते कार्ड तिच्या हाताशीच होतं. "बोटीत चालेल का गं हे?" तिने विचारलं. बोट एसटीची नाही, त्यामुळे दोघींची तिकिटं काढली.

समोर वाशिष्ठीची खाडी, पलीकडे धोपावे. बहामनी काळात या बंदरातून अरबस्तानापर्यंत गलबतं जात. मला मात्र हा धक्का वेगळ्याच कारणासाठी बघायचा होता. आदल्या वर्षी, डिसेंबर 2023 मध्ये, आम्ही इथे यायलाच निघालो होतो आणि हर्णैवरून परत फिरलो होतो.

त्या संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव रंगात आला होता. पापलेट, सुरमईचे ढीग, वाढत जाणारी बोली, मागे पाण्यात सुवर्णदुर्ग. तेवढ्यात दादाचा फोन आला. गलक्यात आधी काही कळेना. वाळू तुडवत रस्त्यावर आले तेव्हा ऐकू आलं: बाबा न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलंय, उद्याच शस्त्रक्रिया. विम्याची मंजुरी सकाळी येईल, पण आज ऐंशी हजार भरावे लागतील.

मी तिथेच रस्त्याच्या कडेला उभी राहून पैसे पाठवले. खात्याला जोडलेली मुदत ठेव आपोआप मोडली आणि यूपीआयने रक्कम दादाकडे पोहोचली. रात्रीच्या गाडीने आम्ही दोघी पुण्याला परतलो.

हे इतकं सोपं झालं, कारण त्याआधी एकदा ते फार अवघड झालं होतं. 2020 च्या टाळेबंदीत माझा पगार काही महिने निम्म्यावर आला. तेव्हा माझं एकच खातं होतं. किराणा, भाडं, सहलीचे पैसे, सगळं त्यातच. ते आटल्यावर क्रेडिट कार्डावर रोख रक्कम काढली. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर व्याज, आणि रोख काढली की ते पहिल्या दिवसापासून लागतं. ते कर्ज फेडताना झोप उडाली होती.

जानेवारी 2021 पासून पैशांच्या दोन वाटा केल्या. आमच्या घरचा महिन्याचा खर्च बत्तीस हजार. त्याच्या सहापट, म्हणजे 1,92,000, अडीअडचणीसाठी बाजूला ठेवायचे. पगार झाला की त्याच दिवशी साडेपाच हजार त्या खात्यात. पस्तीस महिने लागले. एका महिन्याचा खर्च बचत खात्यात मोकळा, बाकी त्या जोड-ठेवीत. व्याज थोडं कमी मिळतं, ते मला चालतं. हा पैसा वाढण्यासाठी नाही, हाक मारताच हजर होण्यासाठी आहे.

मावशीचे सव्वा लाख एका पतसंस्थेत अडकले, तेही दोन टक्के जादा व्याजाच्या आशेने. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेला तो नाही. हे तिला कुणी आधी सांगितलं असतं तर, असं मला अजून वाटतं. म्हणून मी भेटेल त्याला सांगते.

प्रवासाची वाट वेगळी: बँकेत बारा महिन्यांची, दरमहा दीड हजाराची आवर्ती ठेव (आरडी). दिवाळीनंतर ती पुरी होते आणि डिसेंबरमध्ये आम्ही निघतो. पोस्टाची आवर्ती ठेव चांगली, पण ती पाच वर्षांची, आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही. दरवर्षीच्या सहलीला तिचा उपयोग नाही.

बाबांच्या दुखण्यात शेवटी आमचे 46,000 गेले. पॉलिसीत वीस टक्के आपण भरायचे होते, शिवाय हातमोज्यांपासून किती तरी गोष्टी विम्यात बसल्याच नाहीत. सगळे म्हणाले, आता फिरणं बंद कर. मी बंद केलं नाही. आवर्ती ठेव हजारावर आणली आणि अडीअडचणीचं खातं सप्टेंबरपर्यंत पुन्हा पूर्ण भरलं. ते भरेपर्यंत मात्र कुठलंही आरक्षण केलं नाही. हा क्रम मी मोडणार नाही.

बोट लागली. आधी गाड्या, मग माणसं. मावशी वरच्या बाकावर बसली, पदर वाऱ्यावर. "मागच्या वेळी राहिलंच होतं," ती म्हणाली, आणि धोपावे येईपर्यंत काही बोलली नाही.

गुहागरला घरगुती खोली बाराशे रुपयांत मिळाली. डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि मधले वार गाठले तरच. नाताळात हेच दर दुपटीवर जातात. महिलांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून मी 'आवडेल तेथे प्रवास'चा पास घेत नाही. छोट्या छोट्या टप्प्यांना तो मला परवडत नाही. दादासारख्या पूर्ण तिकीटवाल्याने रोज लांबचा पल्ला मारायचा असेल तर जरूर घ्यावा.

व्याडेश्वराचं दर्शन घेतलं, सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल. आता काठी घेऊन अंगणात फिरतात. "पोहोचलात का पलीकडे?" एवढंच त्यांनी विचारलं. मी फोन समुद्राकडे वळवला.

रात्री आमटी-भात, सोलकढी आणि केळीच्या पानावर गरम मोदक. जेवण झाल्यावर मी वही काढली. तीन रात्रींचे 3,600, जेवणखाणाचे 2,400, एसटी, बोट आणि रिक्षा मिळून 1,300 धरले होते. दोघींचे चार दिवस 7,300 रुपयांत बसत होते. मावशीने वही ओढून घेतली आणि खाली आणखी एक ओळ लिहायला लावली: कोकम, दोन किलो, बाबांसाठी. मग सकाळी हेदवीची गाडी किती वाजता आहे, ते मालकीणबाईंना विचारायला ती उठली.