आक्का ‘नाही’ म्हणाल्या तो दिवस

दस्त नोंदवताना दुय्यम निबंधकांच्या कचेरीत एक प्रश्न ठरलेला असतो. साहेब चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, “दस्त वाचलाय का? मजकूर कबूल आहे?” समोरचा ‘हो’ म्हणतो, थंब मशीनवर अंगठा ठेवतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि काम संपतं. कोल्हापुरात मी वकिली करतो ती बहुतेक अशा दस्तांचीच. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र आणि सगळ्यात जास्त हक्कसोडपत्र. त्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर मी एकदाच ऐकलं, आणि तेही साठी ओलांडलेल्या, नऊवारी नेसलेल्या बाईच्या तोंडून.

हक्कसोडपत्राचा दिवस आमच्याकडे छोट्या कार्यासारखा असतो. वडील वारले की सातबाऱ्यावर वारस लागतात, त्यात बहिणीही येतात. मग भाऊ गाडी करून सगळ्या बहिणींना घेऊन येतो. महाद्वार रोडवरून साड्या घेतलेल्या असतात. अंगठे झाले की अंबाबाईचं दर्शन, मग कुठंतरी जेवण, आणि संध्याकाळी ज्या त्या आपापल्या सासरी. त्या वेळी मुद्रांक दोनशे रुपयांचा लागायचा, आता पाचशेचा लागतो. बहिणीनं सोडलेल्या जमिनीची किंमत मात्र मुद्रांकावर कुठं दिसत नाही. २६ जूनला शाहू जयंतीच्या भाषणात समतेवर टाळ्या वाजवणारी माणसं २७ तारखेला बहिणींना घेऊन माझ्या टेबलापुढं बसलेली मी पाहिली आहेत. मीही त्यांचे कागद तयार करून दिलेत. माझं पोट त्याच्यावरच आहे.

हे कुटुंब करवीर तालुक्यातलं. तीन बहिणी, एक भाऊ. थोरल्या आक्का, मधली इचलकरंजीला दिलेली, तिच्या नवऱ्याचे चार माग. मग भाऊ, त्याला सगळे बापू म्हणत. धाकटी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कोअर शॉपला कामाला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आईही पुढं गेली. वारसनोंद करताना तलाठ्यानं तिघींची नावं ‘इतर हक्कात’ टाकली होती. कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, एकटा भाऊ. हा आपल्याकडचा जुना रिवाज, बहिणीचं नाव असतंही आणि नसतंही. जमिनीचं काय करायचं हा प्रश्न तोवर कुणाला पडलाच नव्हता. भाऊ ऊस लावायचा, कारखान्याचा सभासद तो, बिल त्याच्या खात्यावर. बहिणींना गूळ, शेंगा, भाऊबीज.

मग रत्नागिरी-नागपूर महामार्गाची मोजणी आली. त्यांच्या एका गटातला वीस-एक गुंठ्यांचा तुकडा रस्त्यात जात होता. बाकीचे गट सुरक्षित. राष्ट्रीय महामार्गाच्या भूसंपादनात अधिसूचनेत गट नंबरांबरोबर हितसंबंधितांची नावंही छापून येतात, आणि निवाडा झाला, म्हणजे मोबदल्याची रक्कम ठरली, की मोबदला ज्याच्या त्याच्या खात्यावर जातो. वाटणीवरून वाद झाला तर प्रकरण दिवाणी न्यायालयाकडं पाठवायची तरतूद आहे, आणि तिथं गेलेला पैसा कधी बाहेर येईल हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून भावाला घाई. त्यातच २०२१ मध्ये सरकारनं महामार्गांसाठी मोबदल्याचा गुणक, म्हणजे बाजारभावाला ज्या आकड्यानं गुणतात तो, दोनवरून एकावर आणला. बाजारभावाच्या चौपट मिळायचं ते दुप्पटीवर आलं. चौपट मिळणार म्हणून हिशेब मांडून बसलेल्या गावांत ‘चौपट का दुप्पट’ ही एकच चर्चा होती. माझ्या टेबलापुढं येणारा प्रत्येक माणूस आधी हेच विचारायचा.

त्या दिवशी टोकन लवकर लागलं. मी दस्त वाचून दाखवला, मधलीनं मान डोलावली, धाकटी म्हणाली, “वकीलसाहेब, काय करायचं ते करा, पर लवकर करा. सुपरवायझरनं हाफ डेच दिलाय.” आक्का गप्प होत्या. ओळखदार म्हणून गावातले दोघं आले होते, एक दारात उभा राहून फोनवर बोलत होता. आत साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. आक्कांनी अंगठ्यासाठी पुढं केलेला हात मागं घेतला.

“न्हाई.”

साहेबांना वाटलं ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. आक्का तितक्याच शांतपणे म्हणाल्या, “कबूल न्हाई. माझं नाव पेपरात आलंय. नातवानं वाचून दाखवलं मला.”

दस्त तिथंच थांबला. साहेबांनी मला नजरेनंच खुणावलं की आधी बाहेर मिटवा. मागं तेवीस टोकनं होती, आणि दारात तोवर पाच-सहा माणसांनी गर्दी केलेली.

आवारातल्या चहाच्या टपरीवर पुढचे दोन तास गेले. मला वाटलं होतं बापू चिडेल. तो आधी रडला. मग हिशेब काढू लागला. आक्कांच्या लग्नाला वडिलांनी अर्धा एकर गहाण टाकलेला, तो त्यानं सोडवला. उपसा योजनेची पाइपलाइन केली, सोसायटीचं कर्ज अकरा वर्षं फेडलं. आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं याच घरात झालं. दोन भाच्यांच्या लग्नात मामाचा आहेर. तो खोटं काही सांगत नव्हता. कायदा सांगतो चौघांना सारखा वाटा. आई अंथरुणात असताना रात्री तीनदा कोण उठलं, याला कायद्यात रकाना नाही.

“बापू,” आक्का म्हणाल्या, “तू रान कसतोस म्हणून आमी सोडत हुतो. सगळ्याच बहिणी सोडत्यात. रान तिथंच ऱ्हातंय, माहेरच्या बांधावर कवाबी जाऊन उभं ऱ्हाता येतंय. आता त्या तुकड्यात तू काय डांबर कसनार हाईस व्हय? रान असतं तर सोडलं असतं. ह्यो पैसा हाय. पैशाला बांध नसतोय.”

मी खिशातून पेन काढून हातात धरून बसलो होतो, तसाच बसून राहिलो. इतकी वर्षं कायद्याचं जे गणित मी लोकांना समजावत होतो, त्याची दुसरी बाजू या बाईनं चहाचा कप बशीत ओतता ओतता सांगितली होती. बघा ना. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला. केंद्रानं २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायदा बदलून तो सगळ्याच मुलींना दिला. ‘आमचे वडील २००५ च्या आधी वारले, मुलींचा संबंध नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे गावोगावी होते, त्यांचं तोंड सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात बंद केलं. मुलीचा हक्क जन्मापासून, वडील त्या दिवशी हयात असायची गरज नाही. हे सगळं झालं तरी माझ्या टेबलावरची हक्कसोडपत्रं कमी झाली नव्हती. इचलकरंजीतल्या बाईनं पाच गुंठे उसाचं करायचं काय? तिथं जाऊन पाणी कोण पाजणार? जमीन तोडून नेता येत नाही आणि भावाशी वैर परवडत नाही. पैशाचं तसं नाही. तो चार खात्यांवर चार ठिकाणी जातो. कायद्यानं जे पंधरा-वीस वर्षांत जमलं नव्हतं, ते एका रस्त्यानं आणि चार पासबुकांनी केलं.

मधलीचं वेगळंच चाललं होतं. “आक्के, भाऊबीजेला कुणाच्या दारात जायचं गं?” ती एवढंच म्हणत होती, पुन्हा पुन्हा. मागवाल्यांची परिस्थिती मी जाणतो. चौघींत सगळ्यात जास्त गरज तिलाच होती, आणि सही करायला सगळ्यात उतावीळही तीच.

चौथी म्हणजे वहिनी. बापूची बायको. ती सकाळपासून साड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बाकड्याच्या टोकाला बसली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि कायद्यानं विचारायचं कारणही नव्हतं. बापू तिसऱ्यांदा आईच्या आजारपणावर आला तेव्हा ती एकदम म्हणाली, “आत्तीबाईंचं सगळं मी केलंय. तुमी रात्री कधी उठला?”

टपरीवाल्यानंसुद्धा मान वर केली.

मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, “वकीलसाहेब, केलेली सही मोडता येतीया का?” तिच्या माहेरचं रान पन्हाळ्याच्या बाजूला. खडकाळ, वरकस. लग्नानंतर काही वर्षांनी भावानं नेलं, तिनं सही केली, साडी मिळाली. “ती साडी बी फाटली. त्या रानात आता रिसॉर्ट झालंय. पाव्हणं पोहायला येत्यात. एका दिवसाला मानशी किती घेत्यात म्हायतीय काय?”

मी तिला खरं ते सांगितलं. नोंदणीकृत दस्त रद्द करून घ्यायचा तर दिवाणी दावा लागतो, फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, आणि कळल्यापासून तीन वर्षांच्या आत जावं लागतं. तुम्ही राजीखुशीनं सही केली, तेव्हा कुणी तुम्हाला फसवलं नव्हतं. तिनं मान हलवली. “फसवलं न्हाईच. सगळ्याजणी करत हुत्या, मी बी केली.”

आक्का बराच वेळ तिच्याकडं बघत होत्या. मला वाटतं त्या दिवशीचा निकाल तिथं लागला, माझ्या कायद्यानं नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी आक्कांनी स्वतःच तोडगा काढला. बाकीचे सगळे गट भावाला सोडायचे, त्यात दुमत नाही, त्याचं हक्कसोड आजच करू. रस्त्यातला गट ठेवायचा. त्याच्या मोबदल्यातून पाइपलाइनचं उरलेलं कर्ज आधी काढायचं. राहील त्याचे चार वाटे. “आनि आईचं जे केलं ते वैनीनं केलं. चौघांनी आपापल्या वाट्यातनं तिला द्यायचं. बापू, तू बी.”

चारातले तीन वाटे गेल्याचं दुःख बापूला झालंच असेल. पण बायकोच्या खात्यावर पैसे टाकायचे, या गोष्टीनं त्याला जो धक्का बसला तो त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसला. “एकाच घरात खाती दोन कशाला?” तो म्हणाला. धाकटी घड्याळ बघत होती, तिचा हाफ डे कधीच संपला होता. तिनं मोबाइलवरून डोकं न उचलता उत्तर दिलं, “माझं बी खातं वेगळंच हाय. आमचं घर काय मोडलं न्हाई.”

कागदावर हे बसवताना माझी कसोटी लागली. वहिनी वारस नाही, कब्जेदार नाही, हितसंबंधित नाही. निवाड्यात तिचं नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी चौघांच्या कौटुंबिक समझोत्यात एक कलम घातलं की रक्कम जमा झाल्यावर प्रत्येकानं ठरलेली रक्कम तिला चेकनं द्यायची. ते कलम न्यायालयात कितपत टिकेल याची मला खात्री नव्हती, आणि मी तसं त्यांना सांगितलंही. उरलेल्या गटांचा दस्त दुपारी चारच्या सुमारास नोंदला. साहेबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. आक्का म्हणाल्या, “एवढं कबूल हाय,” आणि अंगठा ठेवला. दर्शनाला कुणी गेलं नाही. साड्या मात्र भावानं दिल्या, तिघींनी घेतल्याही.

तेव्हापासून माझ्याकडं येणाऱ्या भावांची घाई वाढली आहे. शक्तिपीठ महामार्गाची नुसती चर्चा सुरू झाली, विरोधात मोर्चे निघू लागले, तेव्हा एकीकडं ‘जमीन देणार नाही’ म्हणून घोषणा देणारा आणि दुसरीकडं बहिणींचं हक्कसोड गुपचूप उरकून घ्यायला आलेला माणूस एकच, असंही मी बघितलं. कागद करण्याआधी मी हल्ली बहिणींना वेगळं बसवून जमीन कुठून कुठं जाते, रस्ता कुठं आहे, एवढं सांगतो. काहींचा भाऊ त्यामुळं दुसऱ्या वकिलाकडं जातो. जाऊ दे.

पैसे यायला बराच काळ गेला. तिन्ही बहिणींनी वहिनीला चेक दिले, मधलीनं सगळ्यात आधी. बापूचा चेक आलेला नाही, तो वरचेवर ‘बघू’ म्हणतो. वहिनी मागच्या पावसाळ्यात एकटीच आली. पहाटे चार म्हशी पिळते ती, दूधसंस्थेचं सभासदत्व आणि दहा दिवसांचं बिल मात्र नवऱ्याच्या नावावर. आलेल्या पैशातून तिनं दोन म्हशी स्वतः घेतल्या होत्या आणि त्यांचं दूध स्वतःच्या नावावर घालायचं होतं. संस्थेनं प्रतिज्ञापत्र मागितलं होतं. मी करून दिलं. फी घेतली नाही असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण तिनं विचारायच्या आधीच पैसे टेबलावर ठेवले आणि पावती मागितली. “नाव माझं घाला,” म्हणाली.