बऱ्यापैकी खेळणाऱ्याचं दुखणं

गोल्फमध्ये नवख्या माणसाला शिक्षक मिळणं अवघड नाही. ग्रिप अशी धरा, पाय एवढे लांब ठेवा, गुडघे जरा सैल सोडा. एवढं सांगितलं की महिनाभरात चेंडू हवेत जायला लागतो आणि दोघंही खूश. पंचाईत होते ती बऱ्यापैकी खेळणाऱ्याची. म्हणजे माझ्यासारख्याची. हँडिकॅप (कोर्सला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, साधारण किती जास्त लागतात तो आकडा; कमी तितका चांगला) १४ च्या आसपास. फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) सापडतो, ग्रीन (भोकाभोवतीची हिरवळ) सापडतं, कधीतरी एखादी बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, हीही पडते आणि मग तिच्याविषयी घरच्यांना ऐकून घ्यावं लागतं. पण १४ चे १२ होत नाहीत.

हा हँडिकॅप मोठा लबाड आकडा आहे. शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सगळ्यांत चांगल्या ८ घेऊन त्यांच्या सरासरीवर तो काढतात. उरलेल्या १२ रविवारांची दखल कोणी घेत नाही. त्यामुळे पार ७२ च्या कोर्सवर १४ वाला ८६ मध्ये खेळत असेल असं जग समजतं, आणि तो बहुतेक वेळा ८९-९० करून ‘आज काही जमलं नाही बुवा’ म्हणत चहा मागवतो.

सुधारायचं मनात आणलं की पहिले गुरू आपल्याच फोरबॉलमध्ये, म्हणजे चौघांच्या टोळक्यात, भेटतात. त्यांची फी नसते आणि त्यांना विचारावंही लागत नाही. पुण्यातल्या कोर्सवर तर हे अधिकच, कारण इथे सल्ला रोखून धरणं प्रकृतीला मानवत नाही. चेंडू जमिनीवरून सरपटत गेला की तिघांचं एकमत होतं: ‘डोकं वर आलं.’ कॅडीही बॅग उचलता उचलता सांगतो, ‘साहेब, डोकं वर आलं.’ डोकं तर येतंच वर. मूळ दुखणं बहुतेक वेळा कंबरेत असतं: डाउनस्विंगमध्ये, म्हणजे काठी खाली येताना, माणूस वाकलेला न राहता उभा होतो आणि त्याच्याबरोबर डोकंही उठतं. आनिका सोरेनस्टामची नजर तर चेंडूला क्लब (काठी) लागायच्या आतच पुढे वळलेली असायची, आणि तिने १० मेजर, म्हणजे सगळ्यांत मानाच्या स्पर्धा, जिंकल्या. उलट लहानग्या जॅक निकलसचं डोकं हलू नये म्हणून त्याचे शिक्षक जॅक ग्राउट यांचा मदतनीस चक्क त्याचे केस धरून ठेवायचा. त्याने १८ जिंकल्या. आमच्या फोरबॉलमध्ये यातलं काहीही सांगून उपयोग होत नाही.

मग पैसे मोजून शिकायला जावं, तर तिथे वेगळाच पेच. एका रेंजवरच्या प्रशिक्षकांनी मला ठामपणे सांगितलं होतं की चेंडू स्विंगच्या दिशेने सुटतो आणि क्लबचं तोंड जिकडे असेल तिकडे वळत जातो. हे पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं, जुन्या पुस्तकांतही आहे. पण डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनसारखी रडार यंत्रं आली आणि दिसलं की चेंडू सुटतो तो मुख्यतः तोंडाच्या दिशेने. आयर्नच्या (लोखंडी डोक्याच्या काठ्यांच्या) बाबतीत साधारण ७५ टक्के आणि ड्रायव्हरच्या (सगळ्यांत लांब मारायच्या काठीच्या) बाबतीत ८५ टक्के हिशेब तोंडाचाच. हवेतलं वळण ठरतं तोंड आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकाने. जुन्या नियमाने झाडाला वळसा घालायला जाणारा माणूस चेंडू नेमका झाडावर का मारतो, याचा उलगडा तिथे होतो. त्या प्रशिक्षकांना मी यंत्राचं विचारलं तर म्हणाले, ‘यंत्र खेळतं का गोल्फ?’ वाक्य टाळ्यांचं होतं.

यंत्रवाल्यांचंही सगळं गोड नाही. काही जण पडद्यावरचे आकडे वाचून दाखवतात आणि त्यालाच शिकवणं म्हणतात. तुमचा मार्ग चार अंश बाहेरून आत येतोय. बरं, मग? पंचेचाळिशीत ताठरलेली कंबर कशी वळवायची, ते पडद्यावर येत नाही.

बऱ्यापैकी खेळणाऱ्याचा स्विंग जुन्या वाड्यासारखा असतो. भिंत कललेली, तिला तुळईचा टेकू, तुळई झुकलेली, तिला खांबाचा टेकू, आणि सगळं मिळून पावसाळे काढतंय. माझी ग्रिप दोषाची आहे, पण मनगटाची एक सवय तिला सांभाळून घेते. नवा शिक्षक पहिल्याच तासाला ग्रिप ‘दुरुस्त’ करतो, मनगट आपलं जुनं काम इमानेइतबारे करत राहतं, आणि चेंडू शेजारच्या फेअरवेवर. म्हणून दहा-पंधरा चेंडू मारून होईपर्यंत जो तोंड उघडत नाही, तो शिक्षक मला आवडतो. आणि त्याला माझा एकच प्रश्न असतो: यातलं काय तुम्ही तसंच ठेवाल?

पाडकाम करून नवं बांधण्याचे दाखले मोठमोठ्यांचे आहेत. निक फाल्डोने डेव्हिड लेडबेटरच्या हाताखाली सगळा स्विंग नव्याने उभारला, मधला काळ विजयाविना काढला आणि १९८७ मध्ये म्यूरफील्डला ओपन जिंकली; शेवटच्या फेरीत अठराच्या अठरा भोकांवर पार. टायगर वुड्सने १९९७ ची मास्टर्स १२ फटक्यांनी जिंकल्यावर शिक्षक बुच हार्मनबरोबर पुन्हा दुरुस्ती काढली. पण पॅड्रेग हॅरिंग्टनही आहे. २००८ मध्ये त्याने ओपन आणि पीजीए या दोन्ही मेजर जिंकल्या, मग स्विंगमध्ये फेरफार करत राहिला, आणि पीजीए टूरवरच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या) पुढच्या विजयाला २०१५ साल उजाडलं. या मंडळींचा तो पोटापाण्याचा धंदा. रोज शेकडो चेंडू मारायला वेळ. आम्ही आठवड्यातून दोनदा, तेही कुणाची मुंज नसेल तर.

आपल्याकडे याची दुसरी बाजूही दिसते. अली शेर दिल्लीत कॅडी होता, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला. मुनियप्पाही कॅडीच, २००९ मध्ये तीच स्पर्धा जिंकला. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबवर ग्रीनची निगा राखायचे. पोरगा बघत बघत शिकला आणि २०१६ आणि २०१७ असा लागोपाठ दोनदा जिंकला. हे ऐकवून ‘शिक्षक हवाच कशाला?’ म्हणणारे क्लबात असतात. त्यांना एवढंच म्हणेन की ती पोरं दहा-बारा वर्षांची असताना बघत होती. आम्ही बघायला सुरुवात केली तेव्हा चाळिशीचा चश्मा लागला होता.

सध्या मी ज्यांच्याकडे जातो ते सर उंचीने बेताचे, बोलायला त्याहून बेताचे. पहिल्या दिवशी त्यांनी क्लब हातात घेऊच दिला नाही. पाठीचं काही दुखणं? सरावाला वेळ किती? आणि मागच्या काही फेऱ्यांत फटके नेमके कुठे गेले, ते लिहून आणा. मी पटिंगच्या, म्हणजे ग्रीनवरून चेंडू भोकात घालण्याच्या, तक्रारी घेऊन गेलो होतो. आठ फुटांचे पट चुकतात म्हणून रात्री झोप लागत नव्हती. सर म्हणाले, ‘पीजीए टूरवरचेही आठ फुटांवरून निम्मेच घालतात. तुम्ही त्यांच्याहून चांगले का?’ कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रॉडी या प्राध्यापकांनी हजारो फेऱ्यांचा हिशेब मांडून दाखवलंय की चांगल्या आणि साधारण खेळाडूतला सुमारे दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांच्या पलीकडून मारलेल्या फटक्यांत असतो. माझ्या वहीतही तेच निघालं. लांबच्या आयर्नचे फटके ग्रीनच्या उजवीकडे, आणि तिथून पुढे सगळी रडकथा.

त्यामुळे नवा पटर घ्यायचा बेत बारगळला. बायकोने सरांविषयी आदराने चौकशी केली. आता फक्त चेंडू स्टान्समध्ये (उभं राहण्याच्या पवित्र्यात) कुठे ठेवायचा आणि डावा खांदा किती वळवायचा, एवढंच चाललंय. ग्रिपला त्यांनी अजून हात लावलेला नाही. बंकरचं, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांचं, काय, असं मी परवा विचारलं. म्हणाले, ‘ते दिवाळीनंतर बघू. तोपर्यंत बंकरमध्ये जाऊ नका.’